पत्त्याचे पैसे

सावेडीत राहणारा माणूस खरेदीला निघाला की घरात ‘गावात जाऊन येतो’ असं सांगतो. गाव म्हणजे चितळे रोड, कापडबाजार, डाळमंडई, मोची गल्ली, फार तर माळीवाडा. रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. पण सांगण्याचा सूर असा, की मुक्काम पडला तर काळजी करू नका. सावेडी हेही एके काळी नगराबाहेरचं खेडंच. त्याचं गावठाण अजून जागेवर आहे, फक्त ते आम्ही पत्त्यात लिहीत नाही. आम्ही गुलमोहर रोड लिहितो.

घराचे पैसे बँक हप्त्यानं घेते. पत्त्याचे पैसे बाकीचे सगळे मिळून घेतात, रोज, सुट्ट्यात.

मेथीचंच घ्या. चितळे रोडवर जी जुडी वीसला दोन मिळते, ती प्रोफेसर कॉलनी चौकात वीसला एक. जुडी तीच, पहाटेच्या लिलावातून आलेली, पाणीही त्याच हातानं मारलेलं. मी एकदा भाजीवालीला विचारलं, तर तिनं शांतपणे सांगितलं, “ताई, गावात तीस सांगायचे आन् वीसला द्यायची. हितं कुनी कमी मागतच न्हाई. मग मी तरी कशाला उगं कमी करू?” तिचं म्हणणं रास्त होतं. सावेडीत घासाघीस करणं बरं दिसत नाही. गाडी कडेला घेऊन, काच अर्धी खाली करून ‘मेथी कशी?’ एवढं विचारायचं, आणि उत्तर नीट ऐकू आलं नाही तरी ‘दे दोन’ म्हणायचं. न केलेल्या घासाघिशीचे पैसे जुडीत आधीच धरलेले असतात. माझ्या सासूबाई चितळे रोडवर एका कोथिंबिरीपायी जेवढा वेळ उभ्या राहतात, तेवढ्यात इकडे फ्लॅटचं टोकन देऊन होतं.

प्रोफेसर कॉलनी हे नाव पडलं तेव्हा प्रोफेसराला घर बांधणं जमत असावं. आज तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक त्या चौकात येतो तो वडापाव खायला, आणि वडापावचाही भाव आधी विचारून घेतो.

आमचे ‘हे’ हिशेबाचे पक्के. त्यांनी ठरवलं, महिन्याचा किराणा डाळमंडईतून आणायचा. तूरडाळीत एवढे वाचतात, शेंगदाण्यात एवढे, असं कागदावर मांडून दाखवलं. कागदावर रिक्षा नव्हती. शिवाय गावात गेल्यावर ‘आलोच आहोत तर’ नावाचा एक खर्च असतो, तोही नव्हता. आलोच आहोत तर कापडबाजारात डोकावू, आलोच आहोत तर चपलेचा अंगठा लावून घेऊ, आलोच आहोत तर भेळ खाऊ. परत आलो तेव्हा पिशवीत स्वस्त तूरडाळ होती आणि शिवाय पडद्याचं कापड होतं. आमच्याकडे पडदे होते. ह्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या महिन्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानातून किराणा यायला लागला.

धुण्याभांड्याच्या मावशींनाही पत्ता कळतो. त्या बोल्हेगावाकडून स्कूटीवर येतात. गावातल्या वाड्यांत त्यांचा दर एक, सावेडीत दुसरा. मी म्हटलं, “मावशी, भांडी तर तीच ना?” म्हणाल्या, “भांडी तीच, वहिनी. जिने वाढले.” यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण लिफ्ट बंद असल्याची तक्रार त्याच आठवड्यात मी स्वतः सोसायटीच्या वहीत लिहिली होती.

पण भाजी, मावशी, इस्त्री हे सगळं परवडतं. परवडत नाही तो शेजार. वाड्यात पोराचा वाढदिवस म्हणजे औक्षण, शिरा, आणि शेजारच्या चार पोरांना एकेक लाडू. सावेडीत आधी निमंत्रण येतं, त्यावर ‘थीम’ लिहिलेली असते. थीम जंगलाची असली तर पोराला वाघाच्या पट्ट्यांचा शर्ट घ्यावा लागतो. आपण भेट न्यायची, आणि येताना यजमान आपल्याला ‘रिटर्न गिफ्ट’ देतात. हा प्रकार आहेरासारखा असेल तर परतफेडीचा काही हिशेब असतो, असं मी धरून चालले होते. तसं नाही. एकदा आम्ही रंगपेटी घेऊन गेलो आणि परत येताना मुलाच्या हातात रंगपेटी, कंपास, डबा आणि पाण्याची बाटली असा ऐवज होता. रात्री ह्यांनी पंखा बघत विचारलं, “आपला वाढदिवस कधी आहे गं पोराचा?” मी म्हटलं, “दिवाळीत. गावी असतो आपण.” तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

हे सगळं पुण्याच्या नातेवाइकांना सांगायची सोय नाही. माझा भाचा पुण्यात नगर रोडला राहतो. विमाननगर, कल्याणीनगर, खराडी, वाघोली हा सगळा नगर रोडच. नगरच्या नावाची सर्वांत महाग जागा नगरपासून शंभर किलोमीटरवर आहे, हे तो दर भेटीत ऐकवतो. आमच्या फ्लॅटची किंमत सांगितली की ‘एवढ्यात आमच्याकडे पार्किंग येतं’ म्हणतो. त्याचा मुंबईतला मेहुणा हे ऐकून त्याच्याकडे बघून हसतो. मेहुण्याकडे पाहून कोण हसत असेल ते मला ठाऊक नाही, पण असणारच कोणीतरी.

आणि तसं पाहिलं तर नगरला महागडी वस्ती नवी नाही. अहमद निजामशहानं सीनेकाठी हे शहर वसवलं ते पंधराव्या शतकाच्या अखेरीला. बगदाद आणि कैरोशी त्याची तुलना होत असे, हे आम्ही नगरकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. आत्ताच्या बिल्डरांच्या जाहिरातीतही एवढं धाडस नसतं. त्याच निजामशहानं सावेडीच्या बाजूला एक बाग करवली, मधोमध तलाव, तलावात अष्टकोनी महाल. नाव हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग. आज तिकडे भिस्तबाग चौक आहे, आणि स्वर्गाच्या आसपास वन बीएचके उपलब्ध असल्याचे फलक आहेत. सोलापूर रस्त्याकडचा फराहबाग तर मला फार जवळचा वाटतो. महाल बांधून झाला, तो मुर्तझा निजामशहाला पसंत पडला नाही, पाडला, दुसऱ्यानं बांधायला घेतला, काम अर्धवट टाकून तो वारला, मग तिसऱ्यानं हाती घेऊन १५८३ मध्ये पूर्ण केला. आमच्या इमारतीचा ताबा दोन वर्षं लांबला तेव्हा मी ह्यांना ही हकीकत सांगून धीर दिला होता. ते म्हणाले, “त्याचे हप्ते चालू नव्हते.”

या बागांची खरी श्रीमंती महालात नव्हती, पाण्यात होती. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांहून खापरी नळांनी पाणी खेळवत आणलेलं. भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून, चढउतार साधत, शहरभर. पंप नाही, वीज नाही. आता नगरचं पाणी राहुरीकडच्या मुळा धरणातून येतं, विळदला उपसून वसंत टेकडीच्या टाकीत चढतं आणि तिथून आमच्याकडे उतरतं. सावेडीतल्या एका मोठ्या रस्त्याचं तर नावच पाइपलाइन रोड. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला हे नाव गमतीचं वाटतं. त्यानं उन्हाळ्यात यावं. पाणी एक दिवसाआड, आणि मे महिन्यात टँकर. मे महिन्यात सावेडीत माणसाची पत गाडीवरून ठरत नाही; ज्याचा टँकरवाला पहिल्या फोनला उचलतो, तो मोठा माणूस.

टँकरचे पैसे कुणी किती द्यायचे यावर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा गाजते. दोन माणसांच्या घरानं पाच माणसांच्या घराएवढे का द्यावेत, तिसऱ्या मजल्याच्या कुंड्या मोजायच्या का, गाडी धुणाऱ्यांनी जादा द्यावेत का. गेल्या सभेत एका निवृत्त शिक्षकांनी हिवरेबाजारचं उदाहरण दिलं. नगरपासून अर्ध्या-पाऊण तासावर, याच दुष्काळी तालुक्यातलं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्या गावानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला ते मोजायचं, पिण्याचं आणि गुरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेनं ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसाच्या नादी लागायचं नाही. सभा भारावली. “आपणही ताळेबंद करू,” असा ठराव झाला. मग गुरुजींनी उत्साहात पुढचं सांगितलं, की त्या गावात बाहेरच्याला जमीन विकत नाहीत. इथे आमच्याकडच्या जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांना ठसका लागला, आणि त्यांना पाणी देण्यात ताळेबंदाचा विषय मागे पडला.

पुढचा विषय कॅमेऱ्यांचा. फाटकाला एक, जिन्यात तीन, गच्चीवर एक. शिवाय रात्रीचा वॉचमन. तळमजल्यावरचे सोनईकडचे काका म्हणाले, “आमच्या शेजारी शिंगणापुरात घराला दारंच नाहीत. २०११ मध्ये बँकेची शाखा निघाली तीसुद्धा बिनकुलपाची.” सेक्रेटरींनी नम्रपणे विचारलं, की काकांच्या दाराला दोन लॅच आणि एक कडी आहे, ती काढायची का. काका म्हणाले, “मी शिंगणापूरचं सांगितलं. मी सोनईचा.” कॅमेरे मंजूर झाले.

सासूबाई पाथर्डीकडच्या. गावी राहतात, धाकट्या दिरांकडे, आणि वर्षातून एकदोनदा आमच्याकडे येतात. फ्लॅट घेतला तेव्हा त्या वास्तुशांतीला आल्या आणि सगळ्या खोल्या फिरून, एवढ्यात पाहून झाल्याचं आश्चर्य करत बसल्या. मग त्यांनी विचारलं, किती गुंठे? ह्यांनी मनात भागाकार केला. गुंठ्याचे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. “पाऊण गुंठा धर.”

“आन् पैसं?”

ह्यांनी आकडा सांगितला. तेवढ्यात त्यांच्या गावात कितीतरी एकर जिरायत आली असती. सासूबाईंनी पदर नीट केला.

“चाळीस गुंठ्यांचाच येकर असतो ना हितंबी?”

“हो आई.”

“मंग ह्यात जिमीन कोणती आपली?”

ह्यांनी समजावून सांगितलं, की जमीन सगळ्यांची मिळून असते, आपला तिसरा मजला असतो. सासूबाई खिडकीतून खाली बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी नुसती हवाच घेतली म्हन की.”

त्यांना मी एकदा शिर्डीला नेलं. तिथल्या देवळाजवळच्या जागांचे भाव बसमध्ये शेजारचा माणूस सांगत होता, तेव्हा त्यांना आमच्या तिसऱ्या मजल्याचं थोडं कमी वाटायला लागलं. आमच्या जिल्ह्यात जमिनीचा भाव ऐकून छाती धडधडावी अशी ती जागा, आणि तिथे राहून गेला तो फकीर एका मोडक्या मशिदीत राहत होता, पाच घरची भिक्षा मागत होता. १९१८ च्या दसऱ्याला त्यानं देह ठेवला तेव्हा आसपासच्या जमिनीला कोण विचारत होतं? सासूबाई द्वारकामाईत डोळे मिटून बसल्या, बाहेर आल्यावर हॉटेलांच्या रांगेकडे बघून एवढंच म्हणाल्या, “बाबाला भाडं न्हवतं, ते बरं व्हतं.”

आता मुद्द्याचं सांगते, जे सावेडीत कोणी मोठ्यानं सांगत नाही. इथलं राहणं आमच्या पगारात बसत नाही. शेजाऱ्यांच्याही बसत नाही. ते चालतं, कारण मागल्या दारानं गाव येत असतो. आमच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येकाचं गाव आहे, शेवगाव, नेवासा, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत. बरीच कुटुंबं पोरांच्या अकरावी-बारावीच्या क्लासेससाठी नगरला आलेली. बाप गावी शेतीवर, आई इथे स्वयंपाकाला. रविवारी पार्किंगमध्ये जीप थांबते आणि तिच्यातून पोती उतरतात. ज्वारी, तूर, हरभरा, चिंच, तुपाची बरणी, लाल मिरच्या. वॉचमन कुणाकडे काय आलं ते अचूक सांगतो. चढवायला मात्र लिफ्ट बंद असते.

साखरेचं तर न्यारंच. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ सोबतीला होता, आणि मग जिल्हाभर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. त्या इतिहासाचा सावेडीतला आजचा अवशेष म्हणजे दिवाळीची सभासद साखर. ज्याच्या वडिलांच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे, त्याला सणाला सवलतीत साखर. आमच्या वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत आणि जे इतरांना साखर सोडायला सांगतात, ते दिवाळीच्या आधी रजा काढून कारखान्यावर साखर आणायला जातात. शेअर वडिलांचा, पोतं मुलाचं, मधुमेह दोघांना.

गावाचा हा धागा तुटला तर काय होतं ते आम्ही २०१७ च्या जूनमध्ये पाहिलं. याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी ठरवलं, की संप कामगारच का करतात, आपणही करू. शहराला दूध नको, भाजी नको. १ जूनला संप सुरू झाला आणि बघता बघता राज्यभर पसरला. गुलमोहर रोडवर दोन दिवस सगळे सारखेच झाले. दुकानात दुधाची पावडर संपली. बंगल्यातल्या बाई आणि आमच्या मावशी एकाच रांगेत एकाच पिशवीकडे बघत उभ्या. कधी नव्हे ते लोक भाजीचा भाव विचारेनासे झाले, ‘आहे का’ एवढंच विचारत. मी गावी फोन लावला. दिरांकडे तेव्हा गोठ्यात चार गाई होत्या.

“भाऊजी, जीप येतेय का इकडं? लिटरभर दूध पाठवता का?”

“संप आहे, वहिनी.”

“अहो पण मी घरचीच ना!”

“घरच्या आहात म्हणून सांगतो. बाहेरच्याला तर उचललाच नसता फोन.” मग जरा थांबून म्हणाले, “आईनं खवा करून ठेवलाय. संप मिटला की पाठवतो.”

मला राग आला होता, पण त्यांचं गणितही मला पाठ होतं. गाईच्या दुधाला संकलन केंद्रावर त्यांना मिळतं त्याच्या दुप्पट मी सावेडीत पिशवीला देते. मधलं कुठे जातं त्यात वाहतूक आहे, बर्फ आहे, कमिशन आहे, आणि थोडा गुलमोहर रोडही आहे. कांद्याचं तेच. घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारात ज्या दिवशी कांदा पडतो, त्या दिवशी प्रोफेसर कॉलनी चौकात तो पडत नाही, फक्त चढायचा थांबतो. भाव चढताना त्याला लिफ्ट असते, उतरताना जिना.

दर माघात दिरांकडून ज्वारीची दोन पोती येतात. आजवर त्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत आणि आम्ही काढले नाहीत. भाऊबीजेला साडी, पोरांना फटाके, यात ते जिरलं असं दोघांनी समजायचं. यंदा दीर पोती घेऊन स्वतः आले, चहा झाला, आणि खाली बघत म्हणाले, “दादा, औंदा पाऊस कमी. खत महाग. पोत्याचे काहीतरी धरा.”

‘हे’ एकदम सावध झाले. जो माणूस काच खाली करून ‘दे दोन’ म्हणतो, तो उठून मोबाइलवर बाजार समितीचे भाव शोधायला लागला. “मालदांडी ना? मार्केट यार्डात तर क्विंटलला एवढाच दिसतोय.”

“तो यार्डातला. निवडलेली आहे ही, आईनं हातानं निवडलीय.”

“बरं, पण भाडं तर नाही ना यात? जीप तुझीच.”

“डिझेल?”

मी मध्ये पडून म्हटलं, “अहो, घरचं माणूस आहे, दोनशे इकडे-तिकडे,” तर ‘हे’ म्हणाले, “तू थांब गं.” मग दीडशेवर अडलं. ह्यांनी शेंगा मागितल्या, दिरांनी शेंगा निराळ्या धरल्या. दिरांबरोबर आलेल्या सासूबाई कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. इतका वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या. चितळे रोडवर दिसतो तसला उजेड मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

“दीडशे नको कमी करू रं,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “ह्याचं घर लई महागाचं हाय. द्येईल तो.”